बिनकुंपणाचें गांव

विलायतेस जाऊन आलेल्या मंडळींच्या प्रवासवर्णनांत लंडनचा पूल, ऑक्सफर्डचीं विद्यालयें, शेक्सपिअरचें जन्मग्राम आणि स्कॉटलंडांतील सरोवरें यांविषयीं वाचकांनीं पुष्कळ वेळां वाचलें असेल. हीं स्थळें आम्हींही पाहिलीं. परंतु त्यांविषयीं नवें असें सांगण्यासारखें आमच्यापाशीं कांहीं नाहीं. आज आम्ही वाचकांस एका लहानशा खेड्यांत नेणार आहों. तेथें राजवाडा नाहीं, कवीचें घर नाहीं, रणांगण नाहीं. कांहींशें माणसांची वस्ती, एक रस्ता, एक देऊळ, एक खानावळ आणि सभोंवार शेतें, एवढाच त्या गांवाचा सारा संसार. तथापि सबंध इंग्लंडांत जें आतां जवळजवळ कोठेंही उरलेलें नाहीं, तें त्या गांवानें जपून ठेविलें आहे. त्या गांवाचें नांव लॅक्स्टन.

आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त नॉटिंगहॅम शहरीं राहतात. गतवर्षीं नोव्हेंबर महिन्यांत आमचा मुक्काम त्यांच्या बिऱ्हाडीं होता. लॅक्स्टन हें गांव नॉटिंगहॅमच्या ईशान्येस सुमारें २० मैलांवर आहे. लंडनहून येणारास न्यूअर्क हें आगगाडीचें स्टेशन सोयीचें पडतें. तेथून दहाबारा मैलांची सडक आहे. आम्ही मोटारीनें न्यूअर्कवरूनच गेलों. न्यूअर्क शहर ट्रेंट नदीच्या कांठीं वसलेलें आहे. नदीचें सपाट खोरें मागें पडलें कीं जमीन हळूहळू वर चढूं लागते आणि लहान लहान टेकाडांच्या लाटांमागून लाटा येऊं लागतात. त्यांतून वाहणारे ओढे अखेर ट्रेंटलाच जाऊन मिळतात. पश्चिमेस थोडें पुढें गेलें म्हणजे शेरवुडचें अरण्य लागतें. रॉबिन हूड नांवाच्या दरवडेखोराच्या गोष्टी ज्यांनीं बाळपणीं इंग्रजी वाचनपाठांत वाचल्या असतील, त्यांस हें नांव परिचित असेल.

ह्या दोन प्रदेशांतील भेद मातीचा आहे, आणि मातीच्या भेदानेंच दोहोंचें प्राक्तन ठरविलें आहे. शेरवुडची जमीन रेताड. तिच्यांत पीक बेताचें, म्हणून तेथें रान राहिलें. लॅक्स्टनची जमीन तांबूस, चिकण व भारी. पावसाळ्यांत ती नांगरास धरून ठेवते, वाळली म्हणजे दगडासारखी होते. परंतु गव्हास ती फार मानवते. आमच्याकडील काळ्या रानांत ज्यानें पहिल्या पावसानंतर चालून पाहिलें आहे, त्यास ह्या मातीचा स्वभाव निराळा समजावून सांगावयास नको.

इंग्लंडांतील कोणत्याही खेडेगांवाच्या वाटेनें जातांना प्रवाशाच्या दृष्टीस प्रथम पडतात तीं कुंपणें. हॉथॉर्न नांवाच्या कांटेरी झुडपांच्या दाट रांगांनीं प्रत्येक शेत चारही बाजूंनीं बंदिस्त केलेलें असतें. उंचावरून पाहिलें असतां सारा देश म्हणजे हिरव्या तुकड्यांची गोधडी आणि कुंपणें हे तिचे टांके, असा भास होतो. पुष्कळांस वाटतें कीं इंग्लंडचें हें रूप अनादि आहे. आम्हांसही तसेंच वाटत होतें. परंतु लॅक्स्टनच्या रानांत शिरतांच कुंपणें एकाएकीं थांबलीं. डोळे पोहोंचतील तेथवर एकच उघडें शेत पसरलेलें. मध्यें झाड नाहीं, गडगा नाहीं, तार नाहीं. क्षणभर आम्हांस आपण देशावर, एखाद्या ओळखीच्या गांवाच्या शिवारांत उभे आहों असें वाटलें.

गांवाची बसणूकही तशीच ओळखीची. इंग्लंडांत पुष्कळ ठिकाणीं शेतकऱ्याचें घर त्याच्या शेताच्या मध्यभागीं एकटें उभें असतें. येथें तसें नाहीं. सारीं घरें गावठाणांत, एका रस्त्याच्या दोहों अंगांस. लाल विटांचीं भिंताडें, वर कौलें, आणि घराची अरुंद बाजू रस्त्याकडे केलेली. पाठीमागें गोठे, धान्याचीं कोठारें व परसू. सकाळीं घरांतून निघून शेतावर जावयाचें व सायंकाळीं गांवांत परत यावयाचें, हा क्रम तेथें शतकानुशतकें चालत आला आहे. भटक्या गुरांस कोंडण्याचा कोंडवाडादेखील गांवांत आहे, हें पाहून आम्हांस गंमत वाटली. कोंडवाड्याच्या रखवालदाराचा हुद्दाही ग्रामव्यवस्थेंत पूर्वापार चालत आलेला आहे.

गांवाच्या उत्तरेस मातीचा एक उंच गढीवजा ढीग आहे. नॉर्मन लोकांनीं इंग्लंड जिंकल्यावर उभारलेल्या किल्ल्याचा तो अवशेष होय. वरील इमारत केव्हांच नाहींशी झाली. खंदक व टेंकाड मात्र शाबूत आहेत. शेरवुड अरण्याचे वंशपरंपरागत रक्षक जे सरदार, त्यांचें हें ठाणें. त्यांपैकीं एव्हरिंगहॅम घराण्यांतील मंडळींचे पुतळे गांवच्या संत मायकेलच्या देवळांत निजलेल्या स्थितींत आहेत. त्यांत एका स्त्रीचा पुतळा सबंध लांकडाचा आहे. दगडी पतीच्या संगतींत ही काष्ठमयी गृहिणी सुमारें सातशें वर्षें स्वस्थ पहुडलेली पाहून मनास कसेंसेंच झालें. राजा विल्यमनें १०८६ सालीं करविलेल्या पाहणीच्या दप्तरांत, जें डूम्सडे बुक ह्या नांवानें प्रसिद्ध आहे त्यांत, ह्या गांवाची नोंद सांपडते. म्हणजे आमच्याकडे कल्याणीस विक्रमादित्य चालुक्य राज्य करीत होता, त्या काळींही येथें नांगर चालत होते.

आतां मुख्य विषयाकडे वळूं. गांवाच्या भोंवतीं तीन मोठीं शेतें आहेत : पश्चिम शेत, दक्षिण शेत व गिरणीचें शेत. हीं तीन शेतें कोणा तिघांच्या मालकीचीं नव्हेत. प्रत्येक शेताच्या लांबट पट्ट्या पाडलेल्या असून, एकेका शेतकऱ्याकडे तिन्ही शेतांत मिळून निरनिराळ्या ठिकाणीं विखुरलेल्या पट्ट्या असतात. आपली पट्टी कोठें संपते व शेजाऱ्याची कोठें सुरू होते, हें दाखविणारी खूण म्हणजे एखादी सरी, फार तर एखादी खुंटी.

अशी विखुरलेली वांटणी कां केली, असा प्रश्न सहजच उत्पन्न होतो. ह्याचें उत्तर आमच्या एकत्र कुटुंबांतील वाचकांस तरी कठीण पडूं नये. चार भाऊ विभक्त होतात तेव्हां एकानें ओढ्याकांठचें बागायत व दुसऱ्यानें माळावरची खडकाळ जमीन घ्यावी, असें होत नाहीं. प्रत्येक शेतांत प्रत्येकाचा वांटा पडतो. चांगलें व वाईट दोन्ही सर्वांनीं सारखें भोगावें, हाच त्यांतील न्याय. लॅक्स्टनच्या पूर्वजांनींही तोच न्याय धरला असावा, असें विद्वानांचें एक मत आहे. दुसरें मत असें कीं ही वांटणी नांगरामुळें झाली. ह्या भारी जमिनीस आठ आठ बैलांचा नांगर लागे. एवढे बैल एकट्या कुणब्यापाशीं कोठून असणार? म्हणून चौघांनीं बैल एकत्र करावे, आणि दिवसाच्या नांगरटीची एक पट्टी ह्याला, पुढची त्याला, अशी वांटून घ्यावी. आमच्याकडे ज्यास इर्जिक म्हणतात, सावड म्हणतात, त्यांतलाच हा प्रकार. दोन्ही मतें परस्परविरोधी आहेत असें आम्हांस वाटत नाहीं.

पट्टीची लांबी सामान्यतः एका दमांत बैल जेवढें ओढतील तेवढी. इंग्रजांचें फर्लांग हें माप मुळांत 'तासाची लांबी' ह्याच अर्थाचें असून तें २२० यार्डांचें ठरलें. फर्लांगभर लांब व २२ यार्ड रुंद एवढी जमीन म्हणजे एक एकर. हा २२ यार्डांचा, म्हणजे ६६ फुटांचा साखळदंड एडमंड गंटर नांवाच्या गणितज्ञानें १६२० सालीं मोजणीच्या कामीं रूढ केला. त्याच्या निम्मे, म्हणजे ३३ फूट लांब व तितकीच रुंद जागा हा आमचा गुंठा, आणि असे ४० गुंठे म्हणजे एकर. ज्या एकर-गुंठ्यांवरून आमच्याकडे भाऊ भावाचें तोंड पाहत नाहीं, त्या एकराचा उगम आठ बैलांच्या सामाईक नांगरांत आहे, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

तीन शेतांपैकीं एकांत त्या वर्षीं हिंवाळी गहू, दुसऱ्यांत वसंतांत पेरावयाचें जव वगैरे पीक, आणि तिसरें पड, असा फेरा असतो. पुढील वर्षीं प्रत्येक शेताची पाळी एकेक पायरी पुढें सरकते. पूर्वीं पड शेतांत साऱ्या गांवाचीं गुरें चरत. त्यांच्या शेणखतानें जमीन पुन्हां सुपीक होई. आतां त्या शेतांत चाऱ्याचें गवत घेतात. शेताच्या सखल भागांत ओल धरून राहिलेले जे पट्टे, ते नांगरूं नयेत असा नियम आहे. तेथें गवत वाढतें व त्याचा दरसाल लिलांव होतो. कोणीं केव्हां पेरावें, गवत केव्हां कापावें, ह्यांत एकट्याच्या लहरीस वाव नाहीं. शेजारी गहू पेरतो आहे आणि आपण मध्येंच गुरें सोडलीं, असें बिनकुंपणाच्या शेतांत चालावयाचेंच नाहीं.

ह्या गांवाचा एक नकाशा आहे, तो सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं. सर विल्यम कोर्टन ह्या नांवाच्या धनिकाकडे गांवाची मालकी असतांना १६३५ सालीं मार्क पिअर्स नामक मोजणीदारानें तो काढला. प्रत्येक पट्टी त्यांत दाखविलेली आहेच. शिवाय नांगर हांकणारे, कापणी करणारे, शिकारीस निघालेले लोकही लहान लहान आकृतींनीं रेखिले आहेत. मूळ नकाशा ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयांत आहे. त्याची प्रतिकृति पाहतांना आमच्या मनांत आलें, शहाजीराजे निजामशाही सांवरण्याची शिकस्त करीत होते, त्याच सुमारास हा मोजणीदार साखळी घेऊन ह्या चिखलांतून हिंडत असेल. नकाशांतील तीन शेतें अद्यापि तेथेंच आहेत. मात्र त्यांचें क्षेत्र पूर्वीच्या मानानें बरेंच घटलें आहे, आणि विसाव्या शतकाच्या आरंभीं जमीनदारानें पट्ट्या एकत्र जुळवून त्यांची संख्या कमी केली व प्रत्येकीची रुंदी वाढविली, हें सांगितलें पाहिजे.

इतरत्र हीं उघडीं शेतें गेलीं कोठें? तीं कुंपणांनीं गिळलीं. मध्ययुगांत इंग्लंडच्या मध्य भागांतील बहुतेक गांवें लॅक्स्टनसारखींच होतीं. पुढें धनवान जमीनदारांस वाटूं लागलें कीं विखुरलेल्या पट्ट्या एकत्र करून भोंवतीं कुंपण घातलें तर उत्पन्न वाढेल, लोंकर अधिक मिळेल, नवीन पिकें घेतां येतील. ह्यांत तथ्य नव्हतें असें नाहीं. परंतु १६०४ पासून १९१४ पर्यंत पार्लमेंटनें असे ५,२०० हून अधिक कायदे करून सुमारें ६८ लक्ष एकर जमीन बंदिस्त केली, तेव्हां ज्याची एखादीच गाय सामाईक कुरणावर चरत होती, जो शेतांतून सर्वा वेंचून हिंवाळा काढीत होता, त्याच्या हातीं काय राहिलें? दप्तरीं लेखी पुरावा नसल्यामुळें कित्येकांचा वहिवाटीचा हक्क एका दिवसांत नाहींसा झाला. ज्यांस लहानसा तुकडा मिळाला, त्यांस कुंपण घालण्याचा खर्च झेपेना. त्यांनीं तो विकला आणि मजुरी पत्करली, नाहीं तर शहराची वाट धरली. आम्हीं वाटेनें ज्या सुंदर हिरव्या रांगांची वाखाणणी केली, त्या रांगांच्या मुळाशीं हा इतिहास आहे.

लॅक्स्टन ह्यांतून कसें वांचलें? गांवचे लोक अधिक सद्गुणी होते म्हणून नव्हे. त्याचें एक कारण इतिहासकार सांगतात तें मोठें मजेचें आहे. येथील जमीन मुख्यत्वें मॅन्व्हर्स व स्कारबरो ह्या दोन अर्लांच्या घराण्यांकडे होती, आणि त्या दोघांचें एकमत होईना. अशा रीतीनें काळ लोटला, शेतें उघडींच राहिलीं, आणि पुढें एक वेळ अशी आली कीं ह्या गांवाचें मोल विद्वानांस कळूं लागलें. ऑक्सफर्ड येथील ऑर्विन ह्या पतिपत्नींनीं १९३८ सालीं उघड्या शेतांवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत लॅक्स्टनचा सांगोपांग विचार आहे. १९५२ सालीं अर्ल मॅन्व्हर्सनीं गांव विकावयास काढलें, तेव्हां सरकारच्या शेतकी खात्यानें, ही पद्धति टिकावी म्हणून, तें विकत घेतलें. गंमत अशी कीं त्याच्या पांच वर्षें आधीं, १९४७ सालीं, आमच्या मुंबई सरकारनें जमिनीचे तुकडे पडूं नयेत म्हणून तुकडेबंदीचा कायदा केला होता. एकाच काळीं एका देशांत तुकडे जोडण्याचा व दुसऱ्यांत तुकडे राखण्याचा कायदेशीर उद्योग चालावा, हा योगायोगच म्हणावयाचा.

ह्या गांवाचा व आमच्या देशाचा संबंध केवळ सादृश्याचा नाहीं. पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनसाहेबांनीं १८१९ सालीं जो अहवाल लिहिला, त्यांत दक्षिणेंतील गांव म्हणजे लहान प्रमाणावर एक राज्यच होय, अशा आशयाचें वर्णन केलें आहे. पुढें सर हेन्री मेन हे हिंदुस्थान सरकारचे कायदेमंत्री म्हणून १८६२ पासून १८६९ पर्यंत येथें होते. स्वदेशीं परतल्यावर त्यांनीं १८७१ सालीं पौर्वात्य व पाश्चात्य ग्रामसंस्थांवर ग्रंथ लिहिला, आणि हिंदुस्थानांतील गांव व आपल्याकडील नाहींशीं झालेलीं उघडीं शेतें हीं एकाच जुन्या व्यवस्थेचीं दोन रूपें आहेत, असें प्रतिपादिलें. त्यांचा सिद्धान्त आतां सर्वांस मान्य नाहीं. तथापि स्वतःच्या खेड्याचें मूळ शोधण्यास इंग्रज पंडितास आमच्या खेड्यांतून जावें लागलें, एवढें खरें. गोमंतकांत तर गांवकरीची पद्धति पोर्तुगीजांच्याही आधींची. आफोंसु मेशिया ह्या अधिकाऱ्यानें १५२६ सालीं तिचे रिवाज लेखनिविष्ट केले. गांवकीच्या जमिनीचा लिलांव करून येणारें उत्पन्न गांवाच्या कामीं लावावयाचें व उरेल तें गांवकरांत वांटावयाचें, हा तेथील क्रम. लॅक्स्टनच्या गवताच्या लिलांवाची हकीकत कोणा गोमंतकीय गृहस्थास सांगितली, तर त्यास त्यांत कांहींच नवल वाटणार नाहीं.

परंतु आम्ही गेलों होतों तें विशेषेंकरून एका दिवसासाठीं. नोव्हेंबरच्या शेवटच्या गुरुवारीं गांवचे पंच त्या वर्षीं गहू पेरलेल्या शेताची पाहणी करतात. शेतकऱ्यांतूनच बारा पंच व त्यांवर एक मुख्य पंच नेमलेला असतो. सकाळीं आकाश भरून आलें होतें, वारा बोंचत होता. गहू बोटभर वर आला होता. पंच मंडळी ट्रॅक्टरमागील गाडींत बसून शेतावर आली. जाड बूट, अंगावर जुने कोट, हातांत खुंट्या व घण. आम्ही वाटेच्या कडेस उभे राहून पाहत होतों. एका ठिकाणीं ते थांबले, सरीकडे पाहिलें, पावलें मोजलीं, खाली वांकले, आपसांत कांहीं बोलले, आणि एक खुंटी ठोकली. मग पुढील पट्टीकडे गेले. आरडाओरड नाहीं, हातवारे नाहींत. शेजाऱ्याच्या पट्टींत कोणाचा नांगर शिरला काय, कोणीं गवताचा पट्टा कोरला काय, रस्त्यावर कोणीं आक्रमण केलें काय, एवढेंच ते पाहतात. दोष आढळला तर त्याची नोंद होते. आठवड्यानें गांवच्या खानावळींत न्यायसभा भरते. मालकातर्फे कारभारी अध्यक्षस्थानीं बसतो. तेथें अपराध्यास दंड होतो व पुढील वर्षाचे पंच नेमले जातात. आज जो पंच म्हणून दुसऱ्याची सरी मोजतो, त्याची सरी उद्यां दुसरा मोजणार असतो. दंडाची रक्कम अल्प असते. इंग्लंडांत अशा जमीनदारी न्यायसभा एके काळीं गांवोगांवीं होत्या. १९७७ च्या कायद्यानें त्यांचे न्यायनिवाड्याचे अधिकार सामान्यतः काढून घेतले. लॅक्स्टनची सभा मात्र आपलें परंपरागत काम अद्यापि चालवीत आहे.

हें पाहत असतां आम्हांस मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांतील सीमाविवादाचें प्रकरण आठवलें. तरुणपणीं पाठशाळेंत तें शिकतांना आम्हांस तें फारच रुक्ष वाटलें होतें. ज्येष्ठ महिन्यांत, बांध स्पष्ट दिसत असतां, सीमेचा निर्णय करावा. सीमेवर झाडें लावावीं. आणि भूमीच्या पोटांत कोळसे, राख, तूस, हाडें, खापऱ्या अशा न कुजणाऱ्या खुणा गुप्तपणें पुरून ठेवाव्या. साक्षीदारांनीं मस्तकावर माती घेऊन, तांबडीं वस्त्रें व तांबड्या माळा धारण करून, आपल्या पुण्याची शपथ वाहून सीमा सांगावी. स्मृतिकारांस मनुष्यस्वभाव पुरता ठाऊक होता. मनुष्य सोनें चोरावयास भितो. परंतु दर वर्षीं नांगराच्या एका तासानें बांध कोरावयास भीत नाहीं, कारण त्यास ती चोरी वाटतच नाहीं.

ह्या ठिकाणीं आम्हांस स्वतःविषयीं चार शब्द लिहिणें भाग आहे. त्यावांचून हा लेख अप्रामाणिक होईल. आमच्या वडिलांच्या व चुलत्यांच्या वांटण्या झाल्या तेव्हां थोरल्या शेताचे दोन भाग झाले. मधला बांध चार हात रुंद होता. त्यावर दोन बाभळी होत्या. आम्ही शाळेच्या नोकरीनिमित्त परगांवीं. आमचें शेत वांटेकरी करी. कांहीं वर्षांनीं चुलतबंधूंनीं तक्रार केली कीं बांध दोन हात राहिला आहे. आम्हीं ती अमान्य केली. प्रकरण न्यायालयांत गेलें व तेथें चौदा वर्षें राहिलें. खर्च जमिनीच्या किंमतीहून अधिक झाला. त्या अवधींत त्यांच्या घरीं दोन व आमच्या घरीं तीन कार्यें झालीं. कोणीं कोणाकडे अक्षता टाकावयास गेलें नाहीं. कुळधर्माचा एक गणपति होता, त्याचे दोन झाले. बांध आम्हीं स्वतः कोरला नव्हता, हें शपथेवर सांगतां येईल, आणि न्यायालयांत आम्हीं तें सांगितलेंही. परंतु एका सुटींत शेतावर गेलों असतां वांटेकऱ्याचा नांगर बांधास घासून चाललेला आम्हीं पाहिला होता, आणि त्यास आम्हीं हटकलें नव्हतें, ही गोष्ट आम्हांस कोणीं विचारली नाहीं आणि आम्हीं सांगितली नाहीं.

लॅक्स्टनच्या शेतांत ती खुंटी ठोकली गेली तेव्हां आमच्या डोळ्यांपुढें तो नांगर उभा राहिला. आम्ही बराच वेळ बोललों नाहीं. चिरंजीव म्हणाले, "नाना, थंडी वाजते का? गाडींत बसूं या." आम्ही म्हणालों, "थंडी नव्हे. अण्णांचा बांध आठवला." चिरंजीवांस ते प्रकरण ऐकून ठाऊक होतें, ते कांहीं बोलले नाहींत.

ह्या गांवाचें आम्ही उगाच स्तोत्र गात नाहीं. येथील बहुतेक शेतकरी जमिनीचे मालक नव्हते. ते कुळें होते व आहेत. जुन्या काळच्या ग्रामसभेवर जमीनदाराचा वरचष्मा असे. गांवाची मालकी माणसांप्रमाणेंच फिरत राहिली. शेतकी खात्याकडून १९८१ सालीं तें राजघराण्याच्या इस्टेटीकडे गेलें आणि २०२० सालीं थोर्सबी इस्टेटीनें, म्हणजे ज्या मॅन्व्हर्स घराण्यानें तें विकलें होतें त्याच्याच वारसांकडील इस्टेटीनें, तें पुन्हां विकत घेतलें. आठ बैलांचा नांगर जाऊन प्रचंड यंत्रें आलीं. त्यांस अरुंद पट्टींत वळणें कठीण जातें. ह्या पद्धतीनें शेती करणें आजच्या बाजारभावांत किफायतशीर आहे, असें म्हणवत नाहीं. ती पुढील शंभर वर्षें चालेल, असें भविष्य वर्तविण्याचें धाडस आम्ही करीत नाहीं.

तथापि एक गोष्ट तेथें आम्हांस समजली, आणि ती आमच्या वयाच्या मनुष्यास ह्यापूर्वींच समजावयास हवी होती. जें सामाईक आहे तें प्रेमावर टिकत नाहीं. प्रेम असतेंच, पण तें बांधापाशीं येऊन अडखळतें. सामाईक वस्तु टिकते ती नेमानें. ठरलेल्या दिवशीं सर्वांनीं मिळून मोजावें, चुकलें असेल त्यानें तें सर्वांसमक्ष मान्य करावें, दंड भरावा, आणि मग एकत्र भोजनास बसावें. दरसाल मोजणी होते म्हणून तेथें दोन बोटांची चूक दोन हातांची होत नाहीं. आमच्याकडे मात्र भाऊबंदांत हिशेब कसला करावयाचा, असें म्हणून आपण वर्षानुवर्षें मोजीत नाहीं, आणि अखेर मोजतों तें न्यायालयांत. कुंपण नसलें तरी चालतें; खुंटी मात्र हवी, आणि ती ठोकण्यास दोन्ही बाजूंचे लोक हजर हवेत.

सायंकाळीं चार वाजतांच अंधार पडूं लागला. पंच मंडळी केव्हांच गांवांत परतलीं होतीं. खानावळीच्या खिडकींतून उजेड दिसत होता व आंतून हंशाचे आवाज ऐकूं येत होते. शेत पुन्हां पूर्वींसारखें सपाट व उघडें दिसत होतें. मघांची खुंटी कोठें ठोकली तें आतां आम्हांस ओळखूंही येईना.

नॉटिंगहॅमला परतल्यावर त्याच रात्रीं आम्हीं पत्र लिहावयास घेतलें. 'तीर्थस्वरूप अण्णांस साष्टांग नमस्कार' एवढें लिहिण्यास आम्हांस अर्धा तास लागला, कारण हा मायना आम्हीं वीस वर्षांत लिहिला नव्हता. पुढें बाभळींपासून बांध चार हात धरावा, मोजणीच्या वेळीं आम्ही स्वतः येऊं, आणि त्या सुटींत आम्हीं पाहिलेला नांगर, इतकें लिहिलें. पत्र दुसऱ्या दिवशीं टाकलें. येत्या ज्येष्ठांत, बांध स्पष्ट दिसूं लागतील तेव्हां, आम्ही गांवीं जाणार आहों. अण्णांचें उत्तर आलें आहे. त्यांत एवढेंच लिहिलें आहे कीं, दोन्ही बाभळी अजून उभ्या आहेत.